हिलाल आबांनी पास न केलेली गाडी

“ज्या कापडाचा सदरा मी स्वतः अंगात घालणार नाही, त्यावर फ्रेशचा शिक्का माझ्या हातून पडणार नाही.”

हिलाल आबा हे वाक्य एकदाच बोलले होते. अकरा वर्षांपूर्वी, सुरतेजवळ पलसाण्याच्या कापड मिलमध्ये, खुद्द शेठसमोर. कापडाचे चाळीस ताके होते, गुलाबी रंगाचे, आणि दर दोन-तीन मीटरवर रंगात फिकट पट्टा. ट्रक दारात उभा होता. शेठ म्हणाले, “हिलालभाई, आंख मींचीने सिक्को मारी दो.” आबांनी शिक्का टेबलावर ठेवला, वाक्य बोलले आणि जागेवरून उठले. पुढचे आठ महिने ते गोडाऊनमध्ये गाठोड्यांना सुतळी बांधत होते. माल दुसऱ्याच कुणी पास केला. तो गिऱ्हाइकाकडून परत आला. एका सोमवारी शेठने आबांना पुन्हा टेबलावर बोलावलं. शेठने चूक झाली म्हटलं नाही, आबांनीही विषय काढला नाही.

नूतनने ही गोष्ट सासूबाईंच्या तोंडून ऐकली होती, तक्रारीच्या सुरात. सुभद्राबाईंच्या लेखी ती नवऱ्याच्या आडमुठेपणाची गोष्ट होती.

आबांचं काम बाहेरच्या माणसाला सांगून पटकन कळत नाही. तिरप्या काचेचं टेबल असतं, खालून ट्यूबलाइट. वरून ताक्याचं कापड सरकत जातं. त्यावर डोळा ठेवायचा. डाग, भोक, तुटलेला धागा, रंगाचा पट्टा दिसला की यंत्र थांबवायचं आणि तिथे किनारीला लाल दोरा बांधायचा. ताका संपला की दोरे मोजायचे आणि शिक्का मारायचा. फ्रेश, नाहीतर सेकंड, नाहीतर फेंट म्हणजे तुकडे. त्याच्याही खाली चिंधी. एकोणिसाव्या वर्षी साक्री तालुक्यातून आलेला हा माणूस आधी पांडेसऱ्यात रंगाच्या यंत्रावर होता. तिथल्या वाफेने डाव्या हाताची कातडी सोलली गेली, म्हणून त्याला कापड तपासायला बसवलं. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. सत्तावीस वर्षं दिवसाचे आठ तास दोषच बघायचे म्हटल्यावर माणसाचा डोळा दुसरं काही बघायला तयार होत नाही.

नूतनला बघायला दोंडाईच्याला आले तेव्हा आबांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. उठताना तिच्या पदराकडे बघून तिच्या वडिलांना म्हणाले, “किनार कच्ची शे. दुकानदारले परत द्या.” मुलगी पसंत आहे की नाही हे कळायला वडिलांना आठ दिवस वाट बघावी लागली.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. घर पांडेसऱ्याच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्या खाली, एक वर. नूतन घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. चिमट्याने एकेक चमकता खडा उचलायचा, गोंदाच्या थेंबावर बसवायचा. तिचा नवरा चेतन रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानात विक्रीला होता. दिवसभर बोलण्याचं काम. घरी आल्यावरही त्याचं तोंड थांबत नसे. मयुरी सहा वर्षांची होती, गुजराती शाळेत पहिलीला.

घरात सगळे अहिराणीत बोलत. आबा मात्र रागावले की शाळेतल्या मराठीत शिरत. सातवीपर्यंत शिकलेलं मराठी त्यांनी रागासाठी जपून ठेवलं होतं. त्या पावसाळ्यात ते फार मराठी बोलले.

गाडी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आली. छोटी, पांढरी, दहा वर्षांपूर्वीची. कतारगामच्या एका हिरे घासणाऱ्याची होती. “एक ओरखडा नाही,” चेतन गल्लीला सांगत होता. “हिरेवाल्याने वापरलेली गाडी म्हणजे हिरा. डोळे मिटून घ्यायची.”

घेतली तशीच, डोळे मिटून. सुभद्राबाईंनी नारळ फोडला, आरशाखाली लिंबू-मिरची लटकली. आता गाडीला कपडे करायचे होते. मिलमध्ये राबणाऱ्या आपल्या लोकांच्या घरात कापड विकत येत नाही आणि उघडी वस्तू कुणाला बघवत नाही. फ्रिजला घागरा, टीव्हीला ओढणी, मिक्सरला टोपडं. गाडी कशी उघडी राहणार? आबांनी मिलमधून मरून रंगाचं जाड मखमली कापड आणलं. शेजारच्या मंदाबाई शिवणकाम करायच्या. तीन दिवस त्या शिवत होत्या आणि आबा ड्यूटीवरून आले की समोर पाटावर बसत होते.

“मंदाबाई, एक सुरकुती नको.”

“सुरकुती पडली तर मशीन विकून गावाला जाईन, आबा. तुम्ही आधी चहा प्या बरं.”

मागच्या सीटवर कापड नीट बसेना. सीटबेल्टच्या पट्ट्यांची कुलपं मध्ये येत होती, उंचवटे पडत होते. मंदाबाईंनी कुलपं खाली दाबली, पट्टे पाठीमागे सरकवले आणि वरून कापड ताणून असं पक्कं शिवलं की मागची सीट नव्या नवरीच्या गादीसारखी दिसायला लागली. आबांनी तिच्यावरून तळहात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

“फ्रेश,” ते म्हणाले.

मंदाबाईंनी ते पुढे महिनाभर गल्लीत सांगितलं. हिलाल आबांनी फ्रेश म्हटलं म्हणजे काय थट्टा आहे का!

मयुरीची जागाही तेव्हाच ठरली. ती बसायची नाहीच. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीत उभी राहायची, दोन्ही हात दोन्ही सीटांवर, नाक पुढच्या काचेकडे. “मारे ऊभा रहेवुं छे,” म्हणायची, आणि सगळे हसायचे.

जुलैत एका दुपारी नूतन खडे चिकटवत बसली होती. शेजारी मोबाइल चालू ठेवायची तिची सवय. एकातून दुसरं असं काहीबाही लागत होतं. अचानक त्यात त्यांची गाडी दिसली. रंग वेगळा, पण दिवे तेच, नाक तेच. आत माणसांच्या आकाराचे दोन पुतळे बसवले होते. मागच्या सीटवर दोन लहान मुलांचे पुतळे. गाडी मोठ्या शेडमधून सरळ धावत आली आणि ठोकळ्यावर आदळली. नूतनच्या चिमट्यातला खडा कुठे पडला ते तिला नंतर सापडलं नाही.

संध्याकाळी तिने तो मोबाइल चेतनला दाखवायच्या आधी आबांना दाखवला. असं का केलं, हे तिने स्वतःला पुढे पुष्कळ वेळा विचारलं.

आबांनी एकदा बघितलं. “परत लाव.” पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा मध्येच बोट ठेवलं.

“थांब. इथं. नाक चेपलं ते ठीक, ते चेपायलाच पाहिजे. हा दारापुढचा खांब बघ. खांब वाकला. म्हणजे माणसाची जागा कमी झाली.” मग म्हणाले, “वेग किती?”

“चौसष्ट.”

“चेतन घाटात ऐंशीने नेतो. खाली काय लिहिलंय?”

“तारे देतात म्हणे, पाचपैकी. मोठ्या माणसांसाठी शून्य. लहान मुलांसाठी दोन. तेही मुलांच्या खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलं तर.”

“शून्य?”

“हो, आबा.”

“शून्य असा शिक्काच नसतो,” आबा म्हणाले. ते मराठीत आले होते. “चिंधीलासुद्धा चिंधी म्हणतात. यंत्र पुसायला तरी घेतात. शून्य म्हणजे काय?”

मयुरी उंबऱ्यावर उभी राहून दोन्ही हातांनी चौकट धरून पुढे-मागे झुलत होती, गाडीत उभी राहते तशीच.

जेवताना विषय निघाला. चेतनने मोबाइल अर्धा मिनिट बघितला आणि भाकरीकडे वळला.

“आबा, ही टेस्ट एअरबॅग नसलेल्या गाडीची आहे.”

“आपल्या गाडीत आहे?”

“असेल ना. कतारगामवाला म्हणाला, फुल ऑप्शन.”

आबांनी हात धुतले, खुंटीवरची चावी घेतली आणि खाली गेले. स्टिअरिंगवर मखमलीचं कव्हर होतं, नाडीने आवळलेलं. पाच मिनिटांनी ते वर आले. हातात कव्हर होतं.

“काही नाही,” ते म्हणाले. “नुसता हॉर्न आहे.”

चेतनला हसू आलं, मग रागही आला. “अरे, पूरा सूरत चला रहा है ये गाडी! उधन्यापासून सचिन स्टेशनपर्यंत मोजा, दर दहावी गाडी हीच. सगळे मेले का?”

“सगळ्यांचं मी म्हणत नाही. मी आपलं म्हणतो.”

“मग काय करू? विकू? दहा वर्षं जुनी गाडी देऊन तारेवाली कुठून आणू? ती काय चहाबरोबर मिळते?”

“विकू नको. मयुरीला उभी करू नको. आणि कानबाईच्या सणाला गावी जाताना घाटातून ही गाडी नको. ट्रेनने जाऊ.”

सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला. “तिनी काय वाकडं करं तुम्हनं? बाकी लोके फिरतस का नही त्याच गाडीम्हा? माले ट्रेननी गर्दी सोसत नही.”

स्वयंपाकघरात चेतन नूतनला हळूच म्हणाला, “तू आबांना दाखवलंसच कशाला? आता माणूस झोपू देणार नाही.”

“मयुरी मधोमध उभी राहते, म्हणून दाखवलं.”

“मग मला दाखवायचं.”

“तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

तो पाठ वळवून निघाला. मग बाहेर जाता जाता मोठ्याने म्हणाला, “एक काम कर. तुझ्या डब्यातले पाच खडे लाव गाडीला. पाच तारे झाले. आबा खूश!”

बाहेर मयुरी ते ऐकत होती. रविवारी सकाळी ती गाडीत बसून कामात गढली होती. आबा खाली गेले तेव्हा समोरच्या फळीवर पाच खडे ओळीत लागले होते, गोंद ओघळलेला. “दादा, जो! पाँच!” ती म्हणाली. शाळेतल्या गुजराती मुलांसारखी ती आजोबांना दादा म्हणायची.

आबांनी खड्यांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. मग अंगठ्याचं नख घालून ते एकेक खडा उपटायला लागले. मयुरीने भोकाड पसरलं. नूतन वरून धावत आली तेव्हा आबा पाचवा खडा काढत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती. कुणी बघायच्या आत काम संपवायचं असावं अशी.

“आबा, खेळ होता तिचा.”

“खोटा शिक्का खेळातही नाही,” ते म्हणाले. पण आवाज पडला होता. त्या दिवसापासून आठवडाभर मयुरी त्यांच्या ताटात जेवली नाही. नूतनखेरीज घरातलं जे एकच माणूस त्यांचं ऐकून घेत होतं, ते त्यांनी स्वतःच दूर केलं.

एका संध्याकाळी ते नूतनला म्हणाले, “भाजीला निघालीस ना, चल.” भाजीबाजार ओलांडून ते उधना रोडला श्रीरंग डेंटरकडे गेले. श्रीरंग जालन्याकडचा, ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा. त्याच्या शेडमध्ये त्यांच्याच गाडीसारखी एक गाडी उभी होती, डावं दार पुठ्ठ्यासारखं चुरगळलेलं.

“श्रीरंगभाऊ, हा खांब मजबूत करता येतो का?” आबांनी दारापुढच्या खांबावर हात ठेवला.

“कशाला?”

“आदळली तर वाकू नये म्हणून.”

श्रीरंगने पान थुंकलं. “आबा, पत्रा तो पत्राच. कंपनीने जसा केला तसा. स्टार-बिर नव्या गाड्यांना बघतात लोक.” मग त्यालाच दया आली. “एक करतो. पुढं लोखंडी गार्ड लावून देतो. असा जाड पाइप. समोरचा मेला तरी तुमच्या गाडीला काही होणार नाही.”

“गाडीला होऊ दे रे,” आबा जवळजवळ ओरडले. “गाडीलाच होऊ दे! माणसांना होऊ नये म्हणतोय मी.”

श्रीरंगने नूतनकडे बघितलं. म्हाताऱ्याचं काही बिनसलंय का, असं त्या नजरेत होतं. नूतनने मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याचा तिला घरी पोचेपर्यंत राग येत राहिला. मी का नाही बोलले? बोलून काय झालं असतं, हा प्रश्न वेगळा. पण माणूस एकटा बोलतो तेव्हा तो वेडा दिसतो आणि दोघं बोलली की तो विचार ठरतो, एवढं तिला कळत होतं.

पुढच्या रविवारी आबांनी गाडी तपासली. चेतन आंघोळीला गेला होता. आबांनी मिलमधल्या लाल दोऱ्याची गुंडी आणली होती. ते ताका तपासतात तसेच, डावीकडून उजवीकडे, न थांबता, न बोलता. नूतन ओट्यावरून बघत होती. एक दोरा स्टिअरिंगला. एकेक दोरा दारांपुढच्या दोन खांबांना. एक पुढच्या सीटांच्या मधल्या फटीत, जिथे मयुरी उभी राहते तिथे, दोन्ही सीटांना मिळून. मग ते मागच्या सीटकडे वळले. तळहात मखमलीवरून फिरवला, आणि अर्ध्यावर हात थांबला.

त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. कापडाखाली काहीतरी कठीण होतं. एक. थोडं पुढे आणखी एक. मग तिसरं.

आबा तसेच वाकून राहिले, सीटवर हात टेकून. त्यांनी तिथे दोरा बांधला नाही. बाहेर आले, ओट्यावर नूतनच्या शेजारी बसले.

“पट्टे खाली आहेत,” ते म्हणाले. “कव्हरच्या खाली शिवलेत.”

“मंदाबाईंना सांगते. उसवून देतील.”

“मंदाबाईंची चूक नाही. ती शिवत होती. तपासायला मी बसलो होतो.” ते आपल्या तळहाताकडे बघत होते. “मी सुरकुती बघितली. सत्तावीस वर्षं सुरकुती बघितली. फ्रेश म्हणालो.”

तेवढ्यात मंदाबाई बाहेर आल्या. गाडीला लाल दोरे बघून त्यांनी हात जोडले. “नवस बांधलात का आबा? बरं केलंत. थांबा, हळद लावते.” त्या हळदीची वाटी घेऊन आल्या आणि प्रत्येक दोऱ्याला बोट लावायला लागल्या. शेजारच्या दोन बायका बघायला उभ्या राहिल्या.

चेतन ओल्या केसांनी खाली आला. काय झालंय हे त्याला एका नजरेत कळलं. तो मंदाबाईंसारखा फसणारा नव्हता, त्याचं बालपण या दोऱ्यांत गेलं होतं.

“माझ्या गाडीला सेकंडचे दोरे बांधता, आबा? चार लोकांत?”

“सेकंड नाही. सेकंडलाही—”

“बस झालं!” त्याने एकेक दोरा ओढून तोडला. “तुम्हाला जगात काही पसंत आहे का? माझी नोकरी पसंत नाही, दोस्त पसंत नाहीत, नूतनच्या साडीची किनार कच्ची! मी पहिल्यांदा काहीतरी आणलं घरात.” त्याचा आवाज फाटला. “पहिल्यांदा. आणि तुम्ही त्याच्यावरही दोरे शोधलेत.”

“चेतन, मागचे पट्टे—”

“कोणी लावत नाही मागचे पट्टे! अख्ख्या सुरतेत एक माणूस दाखवा!”

त्या दिवसापासून चावी खुंटीवर राहिली नाही. चेतन ती खिशात घेऊन फिरायचा, झोपताना उशीखाली ठेवायचा. नूतनने एकदा विषय काढून बघितला, की मंदाबाईंना सांगून मागचं कव्हर थोडं उसवून घेऊ. “आबांनी पढवलं का तुला?” तो म्हणाला. आबांचं खरं बोलणंसुद्धा आता आबांचं आहे म्हणून खोटं ठरत होतं. तिने स्वतःच्या मनातलं काही बोललं तरी ते त्यांच्याच खात्यात जायचं.

नागपंचमी झाली. त्या पाठोपाठच्या रविवारी कानबाई. खानदेशातलं माणूस कुठेही पोटाला गेलेलं असो, कानबाईला गावी पोचतं. भाऊबंदकी एका घरी जमते, गव्हाचे जाड रोट होतात आणि ते आपल्याच माणसांनी खायचे असतात. सुभद्राबाईंनी शुक्रवारी संध्याकाळीच गहू मोजले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक आबांच्या नावाची, एक चेतनच्या. फडक्यात बांधून गाठ मारली.

“परवा कानबाईला आपण सगळे गावी असू,” आबा म्हणाले. “उद्या सकाळच्या ट्रेनने नंदुरबार, तिथून एसटी. मी तिकिटं काढून आणतो. शेवटचं सांगतो.”

“कानबाई माय शे ना,” सुभद्राबाई म्हणाल्या. “ती देखी लेई.”

“कानबाईने पट्टे शिवले नव्हते,” आबा म्हणाले.

त्यात सुषमा आली. आबांची धाकटी, डिंडोलीला दिलेली. लग्नानंतरची पहिली कानबाई म्हणून तीही गावी निघाली होती, आणि पाचवा महिना. तिला ट्रेनच्या गर्दीत कोण नेणार? ट्रेनचा विषय तिच्या पिशवीबरोबरच कोपऱ्यात गेला.

शनिवारी सकाळी उजाडल्यावर चेतनने गाडी उघडली, मागे सामान भरलं आणि चहाला वर आला. चावी गाडीलाच होती. चहा पिऊन सगळे खाली उतरले तेव्हा मागची दोन्ही दारं उघडी होती आणि आबा आत गुडघ्यांवर होते. हातात ब्लेड होतं. त्यांनी कापड फाडलं नव्हतं, शिवणीवरून उसवलं होतं. एका सरळ रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मखमल दोन्ही बाजूंना लोंबत होती. आतून जुना करडा रेक्झिन दिसत होता आणि त्यावर तीन पट्टे होते. दोन खांद्यावरून येणारे, मधला नुसता कमरेचा.

“बाई गं!” दारातून मंदाबाई किंचाळल्या. “आबा, माझं काम!”

“तुमचं काम चांगलं होतं,” आबा म्हणाले. “पास करणाऱ्याचं वाईट होतं.”

चेतन हाताची घडी घालून गाडीला टेकला. आबांनी मयुरीला हाक मारली. ती आली, खड्यांचा राग विसरून. त्यांनी तिला खिडकीशी बसवलं. पट्टा ओढला तर तो तिच्या गळ्यावरून जायला लागला. आबांनी गोधडीची घडी करून तिच्याखाली सरकवली. पट्टा खांद्यावर आला. कुलूप वाजलं.

“आता उभी राहायचं नाही.”

“थोडीक वार पण नई?”

“नाही.”

मग त्यांनी सुषमाला दुसऱ्या खिडकीशी बसवलं. पट्ट्याचा कमरेकडचा भाग पोटाच्या खालून घेतला, जपून, तिच्याकडे न बघता. नूतन मध्ये बसली. तिचा पट्टा तिने स्वतः लावला. सुभद्राबाई गव्हाचं फडकं छातीशी धरून बाहेर उभ्या होत्या आणि कुठे बसायचं ते त्यांना कळत नव्हतं.

तेव्हा चेतनने मोजलं. बोटांवर, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं.

“मागे तीन. पुढे दोन. पाच पट्टे. आणि आपण किती? मागे आई, सुषमा, नूतन, मध्ये मयुरी उभी. पुढे मी नि तुम्ही. सहा. कालपर्यंत सहाजण आरामात जाणार होतो.” त्याने दार थाडकन लावलं. “झालं समाधान? आता तुम्हीच सांगा, आबा. उतरायचं कोणी?”

आबा त्याच्याकडे बघत राहिले. नूतनला वाटलं, आता ते मराठीत काहीतरी म्हणतील. पाच पट्ट्यांनी ही गाडी काही पाच ताऱ्यांची होत नाही, खांब तोच आहे, घाट तोच आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं नव्हतं. त्यातला एक कोपरा मिळाला होता, आणि तोही असा. मी उतरते, मी आबांबरोबर ट्रेनने येते, असं म्हणायला तिने श्वास घेतला. कमरेला पट्टा होता. शेजारी मयुरीने तिचा हात धरला होता. तिने तो श्वास सोडून दिला.

पुढच्या सीटवर आबांची कापडी पिशवी होती, एक धोतर आणि एक सदरा असलेली. त्यांनी ती उचलली. सुभद्राबाईंना दंडाला धरून त्या सीटवर बसवलं, पट्टा ओढला आणि कुलपात घातला.

“कोठे चालनात?” सुभद्राबाई म्हणाल्या. “तुम्हनी मूठ मोजी लेयल शे!”

आबांनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. चेतनने हॉर्न दाबला, एकदा, मग पुन्हा लांबलचक. गल्लीतली कुत्री उठून बसली. आबांनी मागे वळून बघितलं नाही. पिशवी काखेत मारून ते उधना स्टेशनच्या दिशेने गल्लीबाहेर पडले.